पुण्याहून आलेला अंधार

नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्या मंगल कार्यालयात ऐन वैशाखातल्या लग्नालाही मी एवढी माणसं पाहिली नव्हती. चपलांचा ढीग दारातून थेट रस्त्यावर आला होता. आत पंखे होते, पण त्यांचा सगळा वारा व्यासपीठावरच्या झेंडूच्या माळा खात होत्या. पुढे क्रमांक चिकटवलेल्या खुर्च्या आणि त्यांवर पासवाले लोक. मग एक दोरी. दोरीमागे आमच्यासारखे बिनपासाचे उभे. माझी बायको यशोदा पुढे खुर्चीवर होती आणि मी दोरीमागे होतो. हे २००४ साल. मला तेव्हा शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती आणि एवढ्या गर्दीत उभं राहायची माझी सवय केव्हाच मोडली होती.

साक्षीनाथ महाराज आले. पन्नाशीचे असावेत. दाढी इतकी मऊ आणि फुललेली की तिला रोज कुणीतरी साबण लावत असणार, असं वाटून मला उगाच राग आला. त्यांनी माइक जवळ ओढला.

"मी मन वाचत नाही," ते म्हणाले. "वाचायला मी काय मास्तर आहे? प्रत्येकाच्या हृदयात एक रेडिओ स्टेशन असतं. ते चोवीस तास बोलत असतं. घरचे ऐकत नाहीत. मी फक्त बटण फिरवतो."

लोक हसले. मास्तर या शब्दावर मी खाली पाहिलं, जणू त्यांनी मलाच शोधून काढलं होतं.

मग त्यांनी डोळे मिटले. "ओझर," ते म्हणाले. "विमानाचा कारखाना दिसतोय. इथं एक माणूस बसलाय. त्यानं आयुष्यभर विमानं जोडली, आकाशात सोडली. पण स्वतःच्या डाव्या गुडघ्याचा स्क्रू काही त्याला आवळता आला नाही. जिना उतरताना देव आठवतो त्याला."

पुढच्या रांगेतून आमचे शेजारी धोंडीरामभाऊ उठून उभे राहिले. धोंडीरामभाऊ म्हणजे कॉलनीतला सगळ्यात खणखणीत आवाज, पण त्या वेळी त्यांना शब्द फुटेना. ते नुसते हात जोडून उभे होते आणि डावा पाय थरथरत होता. सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला.

आणखी दोघातिघांची दुःखं महाराजांनी अशीच हवेतून वेचली. आणि मग म्हणाले, "एक माई आहे. तिच्या मनात अंधार आहे."

त्यांनी डोळे तसेच मिटून ठेवले.

"चार वर्षं झाली. मनात अंधार आहे, आणि माई कुणाला सांगत नाही. मला दिसतंय हा अंधार कुठून आला. हा अंधार पुण्याचा आहे."

मला वाटलं लोक हसतील. पुण्याचा अंधार म्हणजे काय? नाशिकचा वेगळा आणि पुण्याचा वेगळा असतो का? पण कुणी हसलं नाही, कारण यशोदा उठली होती. तिचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते. महाराज खाली उतरून तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हा अंधार घरी येऊ पाहतोय, माई. वर्षभर त्याला उंबरा ओलांडू देऊ नकोस. सुखधारा तेलाचा दिवा लाव. अंधाराला दार उघडू नकोस."

हे सगळं मी दोरीमागून पाहिलं. तो हात मला अजून आठवतो. त्या क्षणी मला अंधश्रद्धा, विज्ञान वगैरे काहीही सुचलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की या माणसानं माझ्या बायकोच्या डोक्यावरचा हात काढावा.

---

यशोदा सटाण्याकडची. माहेरी त्यांची बोली अहिराणी, माझ्याशी मात्र ती शाळेत शिकलेली मराठी बोलते. आमचा एकुलता एक मुलगा मयूर पुण्याला असतो. चार वर्षांपूर्वी त्यानं स्नेहलशी लग्न केलं. मुलगी आमच्या जातीची नाही म्हणून यशोदा लग्नाला गेली नाही, आणि मयूर घरी आला नाही. दोघंही हट्टी. मी मधल्यामध्ये पुस्तकं वाचत राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं की तिचा राग अजून गेलेला नाही. तो जाऊन त्या जागी आठवण येऊन बसली आहे, हे मला कळलं नव्हतं. महाराजांना कळलं.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "तू त्यांना आधी कधी भेटली होतीस?"

"कशी भेटणार? आज पहिल्यांदा पाहिलं."

"मग कुणाजवळ मयूरचं बोलली होतीस?"

"कुणाजवळ बोलू, अहो? तुमच्याजवळ?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "कुणालाच नाही सांगितलं. देवाघरचं माणूस आहे ते. एका नजरेत ओळखलं त्यांनी. तुमच्यासोबत इतकी वर्षं काढली, तुम्ही एकदा तरी विचारलंत, यशोदा, तुझ्या मनात काय आहे?"

मी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी मी चहा करून दिला आणि विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" ती म्हणाली, "साखर विसरलात."

पुढचे दिवस आमच्या घरात महाराजांचंच राज्य होतं. उंबऱ्याजवळ सुखधारा तेलाचा दिवा. हे तेल खरं तर गुडघ्यांचं. त्याची जाहिरात रोज टीव्हीवर लागायची, खाली फुकट फोन करायचा नंबर. महाराजांचा फोटो कुठेच नाही, नावही नाही. धोंडीरामभाऊंनी ते गुडघ्याला लावायला मागवलं होतं आणि त्यांच्या सांगण्यावरून यशोदानंही मागवलं. आता ते दिव्यातही जळू लागलं. वास असा की कढईत कापूर तळतोय.

"भाऊ," मी एकदा भीतभीत धोंडीरामभाऊंना म्हणालो, "गुडघ्याचं तेल दिव्यात कसं चालतं?"

"मास्तर, मी विमानं जोडलेली आहेत," ते म्हणाले. "मला विज्ञान शिकवू नका. आणि वहिनींचं ऐका. पुण्याचा अंधार म्हणजे काय ते लहान पोरालाही कळेल. सुनेनं काहीतरी केलेलं असणार."

मी आयुष्यभर वर्गात बोललो. पण वर्गाबाहेर कुणी ठासून बोललं की मला वाटतं, कदाचित त्याचंच बरोबर असेल.

आणि मग मयूरचा फोन आला. चार वर्षांनी. रिसीव्हर यशोदानं उचलला. मी बाहेरच्या खोलीत होतो. मला फक्त तिचं बोलणं ऐकू आलं. "कोण? मयूर?" मग बराच वेळ काही नाही. मग, "सातवा लागला?" मग पुन्हा काही नाही. आणि मग एकदम कोरड्या आवाजात, "नको. येऊ नका. या वर्षी येऊ नका. नाही म्हटलं ना."

रिसीव्हर ठेवून ती तिथंच जमिनीवर बसली.

"दोघं येत्या रविवारी येतो म्हणत होता," ती म्हणाली. "स्नेहलला सातवा महिना आहे. मी नको म्हटलं. महाराजांनी सांगितलंय, अंधाराला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. बाळाला काही झालं तर?"

मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण मी जे बोललो ते असं, "त्या दाढीवाल्याचं तुला एवढं पटतं?"

"तुम्हाला नातवाचं पडलेलं नाही," ती म्हणाली. "तुमचा नुसता जळफळाट चाललाय."

खरं होतं. निदान अर्धं खरं होतं. आणि म्हणूनच पुढे जे मला सापडलं त्यावर माझाच विश्वास बसेना. मत्सरानं पेटलेल्या माणसाला जे हवं ते सापडतंच. तरी सांगतो.

---

शुक्रवारी सटाण्याहून यशोदाच्या थोरल्या बहिणीचा, अक्काबाईंचा फोन आला. बहिणीशी ती अहिराणीतच बोलते. मी बाहेर पेपर वाचत होतो. माझा उजवा कान जरा कमी ऐकतो आणि नेमका तोच आतल्या खोलीच्या बाजूला होता. आतून शब्द आले, "मनात अंधार पुण्याला…"

माझ्या अंगाचा भडका उडाला. घरात महाराज, दिव्यात महाराज, आता सटाण्यापर्यंत महाराज. मी पेपर टाकून आत गेलो आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या फोनमध्ये बोललो.

"किती दिवस त्या अंधाराचं पुराण चालणार आहे?"

यशोदानं रिसीव्हरवर हात ठेवला. "कसला अंधार? मी मयूरचं सांगतेय अक्काला."

"मी आत्ता ऐकलं. मनात अंधार, पुण्याला."

"मनात अंधार नाही हो," ती वैतागून म्हणाली. "मना आंडोर. मना आंडोर पुनाले शे. माझा मुलगा पुण्याला आहे, असं म्हणाले. इतक्या वर्षांत एवढं तरी यायला हवं होतं तुम्हाला."

तिनं हात काढला आणि पुन्हा बोलायला लागली. मी दारातच उभा राहिलो. मना आंडोर. मनात अंधार. मी हळूच ते दोन्ही पुटपुटून पाहिलं. आंडोर म्हणजे मुलगा. मना म्हणजे माझा. मना आंडोर पुनाले शे. ती फोनवर पुढे सांगत होती, चार वरीस व्हई ग्यात. घर येत नही.

मनात अंधार. पुण्याचा. चार वर्षं झाली. घरी येऊ पाहतोय.

मी शाळेत मराठी शिकवायचो. शुद्धलेखनाच्या तासाला मी वाचायचो आणि मुलं लिहायची. शेजाऱ्याच्या वहीत बघून केलेली चूक आणि कानानं केलेली चूक यांतला फरक कुठल्याही मास्तरला कळतो. बघणारा अक्षर चुकतो. ऐकणारा अख्खा शब्द बदलतो, आणि बदललेल्या शब्दालाही काहीतरी अर्थ असतो, म्हणून त्याला शंका येत नाही. महाराजांची चूक कानाची होती. मन वाचणाऱ्याला यशोदाच्या मनात मयूर दिसला असता. नाकीडोळी नीटस, चष्मा लावणारा, उंच मयूर. त्याला अंधार दिसायचं काही कारणच नव्हतं. अंधार फक्त अशा माणसाला ऐकू येतो ज्याला अहिराणी येत नाही आणि आवाज नीट पोचत नाही.

यशोदानं फोन ठेवल्यावर मी तिला हे सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पण मी महाराजांशी बोललेच नाही ना कधी."

"कुणाशी तरी बोललीस. अहिराणीत. फोनवर."

"अक्काशी."

"आणि?"

ती विचार करायला लागली. "तेलवाल्या मुलीशी," ती हळूच म्हणाली. "पल्लवी नाव तिचं. पण ते काय सांगणं झालं? गुडघ्याचं सांगायला फोन केला होता. ती म्हणाली, काकू, तुमचा आवाज माझ्या आजीसारखा आहे, तुम्ही सटाणा-बागलाणातल्या का? म्हणाली, बोला तुमच्या बोलीत, मला कळते. गोड पोरगी आहे. बोलता बोलता मयूरचं निघालं. फोन फुकटच होता."

माझा जळफळाट पुन्हा सुरू झाला. या वेळी महाराजांमुळे नाही. एका अनोळखी मुलीनं बायकोला म्हटलं, बोला. आणि ती बोलली.

"मग तिनंच महाराजांना सांगितलं," मी म्हणालो.

"नाही," यशोदा म्हणाली, आणि इथं ती माझ्यापुढे गेली. "तिला अहिराणी कळत होती. ती मला म्हणाली होती, मुलाची आठवण येते ना काकू. तिनं सांगितलं असतं तर महाराज मुलगाच म्हणाले असते. तिला अंधार कशाला ऐकू येईल?"

पल्लवीला सगळं कळलं होतं. महाराजांना चुकीचं कळलं. म्हणजे मध्ये कुणीतरी तिसऱ्यानं ऐकलं होतं, आणि त्याला शब्द कळला नाही तेव्हा त्याला यशोदाला पुन्हा विचारता आलं नव्हतं. पल्लवी विचारू शकली असती, काय म्हणालात काकू? हा तिसरा विचारू शकत नव्हता, कारण तो ऐकत होता तेव्हा यशोदा फोनवर नव्हतीच.

"टेप," मी म्हणालो.

यशोदानं पदर सारखा केला. कुणी परकं घरात येऊन बसल्यासारखी ती आपल्याच फोनकडे पाहत होती. "माझं बोलणं ठेवून घेतलं त्यांनी?"

"खात्री नाही," मी म्हणालो. "माझं चुकतही असेल. तू म्हणालीस तसा माझा जळफळाटही असेल."

"जळफळाट आहेच," ती म्हणाली. "पण विचारायला काय हरकत आहे?"

तिनं स्वतः नंबर फिरवला. पल्लवीच आली. यशोदानं रिसीव्हर आम्हा दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. इतक्या जवळ आम्ही बऱ्याच दिवसांत बसलो नव्हतो.

"पल्लवी, बाळा, एक सांग. आपण बोलतो ते टेप होतं का?"

पलीकडून पाठ केल्यासारखं उत्तर आलं, "काकू, सेवेचा दर्जा राखण्यासाठी काही संभाषणं नोंदवली जाऊ शकतात."

"माझं झालं का?"

"सगळ्यांचंच होतं, काकू."

"मग आधी सांगत का नाही?"

"सांगितलं तर लोक मोकळं बोलत नाहीत, असं साहेब म्हणतात."

"आणि ऐकतं कोण ते?"

पल्लवीचा आवाज खाली आला. "आम्हाला नाही माहीत. नाशिकच्या द्वारका चौकातल्या ऑफिसात वरचा मजला आहे, तिथं जातं. आम्हाला वर जायची परवानगी नाही. काकू, काही झालं का?"

"त्या साक्षीनाथ महाराजांचे पास कोण पाठवतं?"

"पास आम्हीच पाठवतो," ती म्हणाली. "निवडक ग्राहकांना. कुणाला कुठली खुर्ची, ते वरूनच येतं."

मला त्या खुर्च्या आठवल्या, आणि दोरी आठवली. दोरीमागच्या एकाही माणसाचं रेडिओ स्टेशन महाराजांना लागलं नव्हतं.

---

शनिवारी पुन्हा सभा होती. यशोदाकडे पास होता. मी तिला म्हणालो, कशाला जायचं, आपल्याला कळलं ना, मयूरला फोन कर आणि सोडून दे. खरं सांगायचं तर मला गर्दीत काही बोलायची वेळ येईल याची भीती वाटत होती.

"मला अजून पुरतं नाही कळलं," ती म्हणाली. "मी माझ्या कानानं ऐकणार."

आम्ही लवकर गेलो. दोरी, माळा, चपला, सगळं तसंच. धोंडीरामभाऊ पुढच्या रांगेत पाय ताणून बसले होते. मी दोरीमागे. महाराजांनी बटण फिरवायला सुरुवात केली. सातपूरच्या एका बाईची पाठदुखी सापडली, पंचवटीतल्या एका दुकानदाराची झोप सापडली. मग त्यांची नजर यशोदाकडे गेली.

"माई आली," ते म्हणाले. "तेज आलंय चेहऱ्यावर. दिवा चालू आहे ना?"

यशोदा उठली. कुणीतरी तिच्यापुढे माइक धरला. ती अहिराणीत बोलली, अगदी अक्काबाईंशी बोलते तशी.

"महाराज, मना आंडोर घर यी का?"

मला वाटलं होतं ते गोंधळतील. पण पाठांतर पक्कं होतं. ते हसले आणि सगळ्या सभागृहाला उद्देशून म्हणाले, "बघा, माई विचारते, मनातला अंधार घरी येईल का? येऊ द्यायचाच नाही, माई. दार लावून घ्यायचं. त्या अंधाराचं तोंडही पाहायचं नाही."

डाव्या बाजूच्या खुर्च्यांतून, जिथं सटाणा-मालेगावकडच्या बायका एकत्र बसल्या होत्या, एक फुसकन हसू आलं. मग दुसरं. एक म्हातारी मोठ्यानं शेजारणीला म्हणाली, "ओ माय, हाऊ ते आंडोरले अंधार म्हनी ऱ्हायना."

हसू पसरत गेलं. ज्यांना कळलं नव्हतं ते विचारत होते आणि ज्यांना कळलं होतं ते सांगत होते.

"काय झालं?" धोंडीरामभाऊंनी मागे वळून विचारलं.

यशोदानं माइक सोडला नव्हता. "भाऊ, आंडोर म्हणजे पोरगा," ती आता आमच्या मराठीत म्हणाली. "मी विचारलं, माझा मुलगा घरी येईल का. महाराज म्हणतात, त्याचं तोंडही पाहू नको."

महाराजांचा हात दाढीकडे गेला. "पुत्रमोह हाही एक अंधारच, माई," ते म्हणाले. वाईट उत्तर नव्हतं. दोघंतिघं मान डोलवायलाही लागले. आणि मला दिसलं की आता हे निसटणार. हसू विरून जाईल, आरती सुरू होईल, आणि रविवारी यशोदाच्या मनात पुन्हा एक बारीक शंका राहील.

मी दोरी उचलली आणि खालून पलीकडे गेलो. माइक माझ्याकडे नव्हता, आवाज तर मुळातच नव्हता. मी फक्त धोंडीरामभाऊंपर्यंत पोचलो आणि त्यांना विचारलं.

"भाऊ, तुमच्या गुडघ्याचं तुम्ही तेलाच्या कंपनीला फोनवर सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं."

"ओझरचं? विमानाचं?"

"त्या मुलीनं विचारलं, नोकरी कुठं केली. म्हणून." ते थांबले. "जिना उतरताना देव आठवतो, हेही मीच म्हणालो होतो."

"ती बोलणी टेप होतात. आम्ही विचारलं कंपनीला. आता एवढं विचारा सगळ्यांना, की ज्यानं त्या कंपनीला कधी फोन केलेला नाही, असा एक तरी माणूस महाराजांनी आजवर ओळखला का?"

मी म्हटलं ना, धोंडीरामभाऊ म्हणजे कॉलनीतला सगळ्यात खणखणीत आवाज. ते खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले आणि त्यांनी तोच प्रश्न जसाच्या तसा विचारला. माइकची गरज पडली नाही.

खुर्च्यांवरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. सातपूरच्या बाईनं फोन केला होता. पंचवटीच्या दुकानदारानं केला होता. दोरीमागून कुणीतरी ओरडलं, "आमच्यातला एक ओळखा की, महाराज. आमचं स्टेशन पकडा." महाराजांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाले, "आज वातावरणात संशयाची लहर आहे. लहरीत स्टेशन लागत नाही."

"मग टेप लावा," धोंडीरामभाऊ म्हणाले. "ती लागंल."

व्यासपीठामागून दोन माणसं आली आणि घाईघाईनं आरतीची कॅसेट लावली. आरती संपेपर्यंत महाराज मागच्या दारानं निघून गेले होते.

---

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. महाराजांजवळ काही चमत्कार नव्हता, पण काहीच नव्हतं असंही नाही. त्यांच्याजवळ आपण होतो. आपणच बोललो होतो, मोकळेपणी, कारण फोन फुकट होता आणि समोरची मुलगी गोड होती. ते बोलणं न विचारता साठवलं गेलं, भलत्याच माणसानं ऐकलं, आणि मग आपलंच बोलणं आपल्याला झेंडूच्या माळा घालून परत विकलं. फोनवर बोललेलं हवेत विरतं, अशी आपली समजूत आहे. ती भुताखेतांवरच्या विश्वासाइतकीच जुनाट आहे आणि तेवढीच खोटी. दुकानदाराला आपला नाव-पत्ता दिला म्हणजे आपलं दुःख दिलं असं होत नाही. तेव्हा कुठल्याही कंपनीला फोन केलात तर आधी विचारा, हे टेप होतंय का? कोण ऐकणार? कशासाठी? उत्तर देताना समोरचा अडखळला तर गुडघा दुखतो एवढंच सांगा आणि मुलाचं घरच्या माणसाला सांगा. आणि घरच्या माणसांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हातातला पेपर खाली ठेवावा. जिथं घरचे ऐकत नाहीत तिथंच ऐकणाऱ्याचं दुकान चालतं. महाराजांच्या पाठ केलेल्या बोलण्यात एवढं एकच वाक्य खरं होतं.

आम्ही दोघांनी कंपनीला पत्र लिहिलं की यशोदाचा आवाज पुसून टाका आणि पुसल्याचं लेखी कळवा. उत्तर यायचं आहे. नाही आलं तर ग्राहक मंचाकडे जाऊ. मला तिथं बोलता येईल की नाही कोण जाणे, पण यशोदाला येईल.

त्या शनिवारी घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा उंबऱ्याजवळचा दिवा विझवला. मग आतल्या खोलीत जाऊन पुण्याचा नंबर फिरवला. "मयूर, उद्या या," ती म्हणाली. "दोघं या." एवढं मराठीत. मग ती अहिराणीत शिरली आणि तिचा आवाज एकदम तरुण झाला. मयूरलाही ती बोली येते, आईकडून आलेली. मला आत जाऊन रिसीव्हरला कान लावावासा वाटला. माझ्याशी या आवाजात ती कधीच बोलली नव्हती, आणि मला त्या पोराचा हेवा वाटला, माझ्याच पोराचा.

मी दार ओढून घेतलं, पायांत चपला घातल्या आणि तिचं बोलणं संपेपर्यंत खाली फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो.